दुभाष्यातला ‘दु’

बाबा,

काल मॅट्रिकच्या वर्गात एका मुलीने इंग्रजी धड्यातला एक शब्द विचारला. पॉलिग्लॉट. मी फळ्यावर लिहिलं, बहुभाषी, अनेक भाषा बोलणारा. तो शब्द ग्रीकांचा आहे, पॉली म्हणजे पुष्कळ आणि ग्लॉटा म्हणजे जीभ, एवढंही सांगितलं. मुली हसल्या. एवढ्या जिभा तोंडात मावतील कशा, असं मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं. मग ती विचारणारी मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “म्हणजे आपला दुभाष्याच ना, बाई?” मी नाही म्हटलं. का नाही, ते मात्र मला सांगता येईना. घंटा झाली म्हणून सुटले. घरी आले तर तपासायच्या पेपरांचा गठ्ठा तसाच पडलेला, आणि त्याला हात लावण्याचं त्राण नाही. लढाई संपली तरी कोरा कागद अजून नीट मिळत नाही. गेल्या वर्षीच्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर हे लिहिते आहे. तुम्हाला जाऊन चोवीस वर्षं झाली. मी सत्तेचाळीसची आहे आणि संध्याकाळी माझे गुडघे दुखतात.

तो ग्रीक शब्द आपल्या घरी पहिल्यांदा आला तो दिवस मला आठवतो. मी अकरा-बारा वर्षांची असेन. जुने जज्जसाहेब बदलून जाताना त्यांनी तुम्हाला, त्यांच्या कचेरीतल्या दुभाष्याला, एक प्रशस्तिपत्र दिलं होतं, आणि त्यात तुमच्या नावापुढे हा शब्द होता. तुम्हाला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. ज्या माणसाला कचेरीतले सगळे अर्थ विचारायचे, त्याला स्वतःबद्दलचा शब्द कळेना, म्हणून तुम्ही कोणाला न विचारता तो कागद घेऊन थेट मिशनच्या पाद्रीबाबांकडे गेलात. परत आलात ते हसतच. आई चुलीपुढे भाकरी थापून राहिली होती. तुम्ही दारातूनच म्हणालात, “ऐकलं का वं? साहेबानं लिहून देल्लं, मले लय जिभा आहेत म्हणून.” आई वर न बघता म्हणाली, “एकीचेच चोचले पुरवता पुरवता जीव जाते माहा.” तुम्ही तिथेच पाटावर बसलात आणि आम्हा दोघा भावंडांना समजावून सांगू लागलात, की ग्रीकांना भाषा म्हटली की तोंडातला मांसाचा तुकडा दिसतो. कचेरीतल्या मुनशीजींच्या उर्दूतही तसंच, जबान म्हणजे जीभही आणि भाषाही. आपल्याकडे मात्र भाषा म्हणजे बोलणं. जीभ कोणाची का असेना, बोललं काय ते महत्त्वाचं. हे तुम्हाला फार आवडलेलं दिसत होतं. आईने तुमच्या ताटात भाकरी टाकली तरी तुम्ही बोलतच होतात.

त्याच बसण्यात तुम्ही दुभाषी हा शब्द उलगडून दाखवलात. तुम्ही मूळचे उमरेडचे कोष्टी, मागावर बसून वाढलेले. त्यामुळे तुम्ही शब्दही धाग्यासारखा धरून ओढून बघायचात. “दुसूती म्हणजे दोन सुतांची. दुपट्टा म्हणजे दोन पटांचा. दुपदरी, दुहेरी. संस्कृतातला द्वि घासून घासून दु झाला. तसा दुभाषी. हा आपल्या मागावरचाच शब्द होय, पोरी.” सूतबाजारात येणारे तेलंगी व्यापारी सांगायचे, तिकडे मद्रासेला बंदरात जहाजावर जाऊन गोऱ्यांशी सौदे करणाऱ्यालाही दुबाशी म्हणतात, शब्द इथून तिथे गेला की तिथून इथे आला, ते तुम्हालाही ठाऊक नव्हतं. मी शाळेत ऐकून आले होते ते तेव्हा बोलून गेले. वर्गातल्या मुली म्हणायच्या, तुझा बाप दुभाष्या म्हणजे दुतोंड्या, इकडचं तिकडे करणारा. मला वाटलं होतं तुम्ही रागवाल. तुम्ही म्हणालात, “दुष्ट, दुर्जन यातला दु वेगळा. तो वाईट. आपला दु दोनाचा.” मग मी विचारलं, “पण तुम्हाला तर सहा भाषा येतात. मग दोनच कशा?” “येतात सहा. पण कामाच्या वेळी दोनच. ज्याच्या तोंडातून निघते ती एक, आन् ज्याच्या कानात जाते ती एक. मधात मी कुठंच नाही.” मराठी, हिंदी, उर्दू, तेलुगू, गोंडी, इंग्रजी. छत्तीसगडी वेगळी धरली तर सात. हे तुम्ही कुठल्या शाळेत शिकला नव्हतात. इंग्रजी तेवढी मिशनच्या शाळेतली. बाकी बहुतेक सूतबाजारात बसून, गाठोडी उचलता उचलता.

त्या ‘मधात मी कुठंच नाही’चा अर्थ मला लवकरच कळला. आपल्या गल्लीत एक छत्तीसगडी बाई टोपल्या विकायला आली होती. शेजारच्या काकूंना तिचं बोलणं कळेना आणि तिला काकूंचं. मला तुमच्याकडून थोडी छत्तीसगडी आली होती, म्हणून मी मधे पडले. बाई म्हणाली, याहून कमी नाही होणार. मी काकूंना सांगितलं, ती म्हणते याहून कमी नाही होणार, तिची लेकरं उपाशी आहेत. लेकरांचं ती काही बोलली नव्हती. मला तिची कीव आली होती. काकूंनी टोपली घेतली. तुम्ही दारात उभे राहून हे सगळं ऐकलंत, आणि ती बाई गेल्यावर मला आत बोलावलंत. तुम्ही कधी हात उचलला नाही, त्या दिवशीही नाही. एवढंच म्हणालात, “लेकरं कोणाची होती?” “तिच्या तोंडात जेवढं, तेवढंच द्याचं. आपलं घालाचं नाही. आज तू दयेनं घातलं. उद्या कोणी रागानं घालन.” आणि मग त्या बाईला शोधून आणून, काकूंच्या समोर उभं करून, लेकरांची गोष्ट खोटी होती असं मला दोन भाषांत बोलायला लावलंत. ती लाज मला आजही चेहऱ्यावर जाणवते. काकूंनी टोपली परत केली नाही, पण त्या नंतर माझ्याशी बरेच दिवस बोलल्या नाहीत.

आता कुहीच्या माणसाबद्दल लिहिते. इतकी वर्षं तुम्हाला मनातल्या मनात पुष्कळ काही सांगितलं, पण या माणसापाशी आलं की थांबत असे.

तो कुहीकडच्या एका खेड्यातला धानाचा शेतकरी. थोरल्या भावाशी धानाच्या बांधीतल्या पाण्यावरून भांडण झालं, कोणी कोणाचा बांध फोडला यावरून. हातात फावडं होतं, त्याचा दांडा भावाच्या डोक्यात बसला. भाऊ दुसऱ्या दिवशी गेला. खटला नागपूरला आला. नवे जज्जसाहेब विलायतेहून येऊन वर्ष झालं नव्हतं. त्यांना थोडी हिंदी समजायची, आपल्या बाजूची मराठी अजिबात नाही. तुम्ही मधे उभे. साहेबांनी विचारलं, तू भावाला काय केलंस? तो म्हणाला, “म्या मारलं जी त्याले. मारलं.” आणि तोंडावर हात घेऊन रडू लागला. साहेबांनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही सांगितलंत, तो म्हणतो त्याने त्याला मारहाण केली. सरकारी वकील उठले. ते म्हणाले, हा शब्द जीव घेणं या अर्थीही येतो. साहेबांनी तुम्हाला विचारलं, खरं आहे? तुम्ही म्हणालात, खरं आहे, शब्द एकच आहे, त्यात दोन्ही येतं. न्यायालयाने त्यालाच पुन्हा विचारावं. साहेब म्हणाले, मला व्याकरण शिकायचं नाही, एक शब्द सांग. आरोपी तर रडतच होता, विचारलं तरी डोकं हलवत होता. सगळं न्यायालय तुमच्याकडे बघून राहिलेलं. तुम्ही त्याच्या तोंडाकडे पाहिलंत. आणि म्हणालात, ठार मारलं.

हे तुम्ही आम्हाला त्याच संध्याकाळी सांगितलंत म्हणून मला ठाऊक. तुम्ही घरी आलात, पगडी खुंटीला अडकवली, पाय धुतले. तेव्हाच अंगणात दादाने माझी वेणी ओढून पाठीत गुद्दा घातला होता. कारण आठवत नाही, काहीतरी पेरूचं असेल. मी रडत आत आले आणि ओरडले, “आई वं, दादानं मले मारलं.” तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मी रडायची थांबले. मला वाटलं, आता दादाला बोलणी बसतील. तुम्ही म्हणालात, “काय म्हणली तू?” मी पुन्हा म्हटलं, दादानं मले मारलं. तुम्ही मटकन खाली बसलात, ओल्या पायांनीच. आई धावत आली. “काय झालं जी? काहून असे बसले?” तेव्हा तुम्ही सगळं सांगितलंत. आईला त्यातलं निम्मं कळलं नाही. ती म्हणाली, “मंग? भाऊ मेला तं. मारलंच नं त्यानं?” तुम्ही म्हणालात, “मेला ते खरं. पण तो काय म्हणला ते मी सांगाचं होतं. मी तं त्याचं तोंड पाहून सांगितलं.” त्या रात्रीचं जेवण तुम्ही नको म्हटलंत. मी तेरा वर्षांची होते. मला एवढंच समजलं की मी रडत बोललेल्या एका शब्दाने तुम्हाला काहीतरी झालं. मी दादाशी भांडणंच सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही दोन तास लवकर कचेरीत गेलात आणि अर्ज लिहून दिलात, की कालचं भाषांतर माझ्या समजुतीचं होतं, आरोपीच्या शब्दांचं नव्हे, ते दुरुस्त करावं. शिरस्तेदारांनी तुम्हाला समजावलं म्हणे, की पोटावर पाय आणू नका. तुम्ही अर्ज मागे घेतला नाही. साहेबांनी भर कचेरीत विचारलं, शपथेवर खोटं काल बोललास की आज? तुम्ही म्हणालात, काल. तेव्हा साहेब म्हणाले, मग आजचं तरी खरं कशावरून? अर्ज कागदपत्रांना जोडला गेला, पण त्याचा उपयोग किती झाला ते कोण सांगणार. त्या माणसाला फाशी झाली नाही, काळं पाणी झालं नाही. दहा वर्षं सक्तमजुरी झाली. वकील म्हणायचे, मारहाणच धरली असती तर दोन-तीन वर्षांत सुटला असता. तुमची नोकरी राहिली. पण त्यानंतर तुम्हाला खुनाच्या खटल्यात उभं केलं नाही. जमिनीचे जुने कागद, वाटण्या, गहाणखतं, त्यांचे इंग्रजीत तरजुमे करत तुम्ही एका खोलीत बसून राहिलात. तिथे कोणी रडत नाही, असं तुम्ही एकदा म्हणाला होतात. ते प्रशस्तिपत्र तुम्ही कुठे ठेवलंत कोण जाणे. मला नंतर सापडलं नाही.

माझं तुम्हाला माहीतच आहे. चौदाव्या वर्षी लग्न, सतराव्या वर्षी कपाळ पांढरं करून परत. आईच्या भावांना मी घरात बसावं असं वाटत होतं. तुम्ही मला शिक्षिकांच्या शाळेत घातलंत आणि रोज सकाळी महाल भागातल्या आपल्या घरापासून तिथपर्यंत माझ्याबरोबर चालत आलात, सात महिने, लोकांचं बोलणं ऐकत. त्या चालण्यातच एकदा तुम्ही म्हणालात, “तुले तेलुगू शिकवू का? घरात कोणालेच येत नाही. माही माय बोलत होती. ते गेली तवा मी पाच वर्षांचा होतो. मंग घरात कोणी बोलालेच नाही उरलं.” मी म्हटलं, कशाला? शाळेत चालते का ती? मला तेव्हा परीक्षेची काळजी होती, आणि डोक्यावर पदर ओढून चालताना माझं कशातच मन नव्हतं. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. पाच-दहा शब्द मात्र तुमच्या तोंडून ऐकून मला लहानपणापासून येत होते. नीळ्ळू म्हणजे पाणी. अम्मा म्हणजे आई. अन्नम म्हणजे भात. बस, तेवढेच.

तुमच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि तीन दिवस तुमच्या तोंडून शब्द नाही. चौथ्या दिवशी बोललात, पण मराठी नाही. हिंदी नाही, इंग्रजी नाही. डॉक्टरांना वाटलं, नुसते आवाज आहेत. मी ‘नीळ्ळू’ ऐकलं आणि ओरडले, पाणी मागून राहिले. पाणी दिलं, तुम्ही प्यालात. सगळे माझ्याकडे बघायला लागले. तुमच्या सगळ्या भाषा गेल्या होत्या आणि पाच वर्षांच्या पोराची तेवढी राहिली होती. दादा तेव्हा मिलमध्ये लागला होता. तो म्हणाला, सूतबाजारात तेलंगी दुकानदार आहेत, कोणाला तरी घेऊन येतो. मी म्हटलं, “नोको. मले समजते.” काहून म्हटलं असेन मी तसं? तुमच्या अंथरुणाशी रात्रंदिवस मीच होते, तुम्हाला कूस मीच बदलवत होते, आणि परक्या माणसाने येऊन माझ्या बापाचं बोलणं मला सांगावं, हे मला सहन होईना. सुरुवातीला खोटंही नव्हतं. पाणी, भात, पांघरूण, उजेड नको, एवढं तर डोळ्यांवरूनही कळतं. मग तुम्ही लांब लांब वाक्यं बोलायला लागलात. आई विचारायची, “काय म्हणून राहिले?” मी म्हणायची, विचारतात, तू जेवलीस का. आईच्या तोंडावर जे यायचं ते बघून दुसऱ्या दिवशी मी आणखी काही म्हणायची. दादाला म्हटलं, बाबा म्हणतात तुझं नीट चाललं आहे. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तुमच्याकडून काही ना काही मिळालं. दीड महिना मी तुमची दुभाषी होते.

आणि एका दुपारी तो आला. मी ओसरीवर धुणं वाळत घालत होते. दारात एक माणूस उभा, डोक्याचे केस आखूड कापलेले, पायात काही नाही, धुळीने पाय पांढरे झालेले. म्हणाला, “हेच का जी दुभाष्यासाहेबाचं घर?” मी म्हटलं, हो, पण त्यांची तब्येत बरी नाही, बोलता येत नाही. तो म्हणाला, “मी कुहीकडचा. जेलातून सुटून आलो. दहा वर्षं झाली.” मला समजायला वेळ लागला नाही. माझ्या हातातला ओला पिळा तसाच राहिला. वाटलं, दार लावावं. पण त्याने दारातून तुम्हाला पाहिलं होतं आणि तुम्हीही त्याला. तुम्ही डावा हात उचललात. तो आत आला, भिंतीला टेकून खाली बसला. मग तुमच्याशीच बोलला, माझ्याशी नाही.

“साहेब, भांडाले नाही आलो मी. एक इचाराचं होतं. तवा मी म्हणलो का म्या मारलं. मले कोणी इचारलं नाही का कसा मारला. तुमी माह्या तोंडाकडं पाह्यलं होतं. आखिन कोणी नाही पाह्यलं, वकिलानंबी नाही. दहा वर्षं मी आठवून राहिलो, तवा माह्या मनात काय होतं. कधी वाटते, नुसतं हाणाचं होतं. कधी वाटते, नाही, मराव असंच होतं. आता मलेच समजत नाही. घरी जाचं आहे. वयनी इचारन. तुमाले काय दिसलं होतं, ते सांगा.”

तुम्हाला सगळं कळत होतं, बाबा. बोलता येत नव्हतं, पण कळत होतं; डॉक्टरही तसंच म्हणायचे. तुम्ही त्याच्याकडे पाहिलंत आणि बोललात. थांबून थांबून, शब्द शोधत, एक अख्खं वाक्य, मग आणखी एक. तुमच्या त्या आजारपणात एवढं नीट तुम्ही कधी बोलला नव्हतात. मधे डोळ्यांतून पाणी आलं ते पुसायला मी वाकले तर डाव्या हाताने मला बाजूला केलंत. बोलून झालं आणि तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. त्याने माझ्याकडे पाहिलं.

त्या दोन वाक्यांतला एकही शब्द मला येत नव्हता. सूतबाजार हाकेच्या अंतरावर होता. जरा थांबा म्हणून मी कोणालाही बोलावू शकले असते. मी त्याला म्हटलं, “ते म्हणतात, तुझ्या मनात नव्हतं. त्यांना तेव्हाही दिसलं होतं. चूक त्यांची झाली.”

तो डोकं गुडघ्यांत घालून बसला, आणि त्याची पाठ हलत राहिली. मग उठला, तुमच्या पायांना हात लावला, आणि गेला. मी तुमच्याकडे बघू शकले नाही. बघितलं तेव्हा तुम्ही भिंतीकडे तोंड केलं होतं. मी मराठीत काय सांगितलं ते तुम्हाला समजलं, यात मला शंका नाही. बरोबर सांगितलं म्हणून तोंड फिरवलंत, की चुकीचं सांगितलं म्हणून, ते मला त्या तोंडावरून कळलं नाही. त्यानंतर अकरा दिवस तुम्ही होतात. पाणी मागितलंत, भात मागितलात. दुसरं काही बोलला नाहीत. आईला मात्र मी सांगतच राहिले, हे म्हणाले, ते म्हणाले. ती मरेपर्यंत ते सगळ्यांना सांगायची.

तो माणूस पुढे दोन वर्षांनी पुन्हा आला, दिवाळीच्या सुमारास, नव्या धानाचे पोहे घेऊन. तुम्ही गेल्याचं त्याला रस्त्यातच कोणीतरी सांगितलं होतं. ओसरीवरच बसला. म्हणाला, “वयनीले सांगितलं जी, साहेबाले काय दिसलं होतं ते. सहा महिने बोलली नाही. मंग एक दिवस जेवाले वाढलं.” भावाच्या पोरांना तोच वाढवत होता, बांधी एकत्रच कसत होते. त्याचं बोलणं आता मोकळं झालं होतं. जाताना म्हणाला, “साहेबानं खरं सांगतलं म्हणून घरात राहाले भेटलं.” मी त्याच्या हातावर पाणी दिलं आणि हो म्हटलं.

आता सांगायचं ते एवढंच. आमच्या शाळेत दोन वर्षांपासून एक नवी शिक्षिका आहे, गणित शिकवते. ती मूळची बल्लारशाच्या पलीकडची, नवरा रेल्वेत. आमची भिंत एकच आहे. संध्याकाळी ती सासूशी बोलते ते मला इथे बसून ऐकू येतं, तेलुगू, तुमचीच भाषा. गोड मुलगी आहे. माझे गुडघे दुखतात हे कळल्यापासून वरचेवर काही ना काही घेऊन येते, समोर बसते, काही हवं का विचारते.

ती दोन वाक्यं मला पाठ आहेत, बाबा. अर्थ न कळता पाठ केलेलं जास्त पक्कं राहतं, हे मी मुलींना पाहून शिकले आहे. चोवीस वर्षांत एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं नाही. तिच्यासमोर ती म्हणायला मला एक मिनिटही लागणार नाही. मी तिला विचारलेलं नाही. आज ती संध्याकाळी येऊन गेली, तेव्हाही नाही. ती वाक्यं मी इथेही लिहीत नाही, कारण हे कागद उद्या गठ्ठ्याबरोबर कोणाच्या हाती पडले तर तो त्यांचा अर्थ लावून घेईल. कुहीचा तो माणूस अजून जिवंत असेल.